निळ्या चौकटीबाहेरचे आकडे

ऑफिसात तिला समोर सगळे ताई म्हणायचे आणि पाठ वळली की दुरुस्तीताई. पंप बनवणाऱ्या कंपनीचं हिशेब खातं. तिथे झेरॉक्स मशीन आणि खिडकी यांच्या बेचक्यात तिचं टेबल. मशीन चालू झालं की तिचा उजवा कान तापायचा, खिडकी उघडली की डावा गार पडायचा. अशी दोन हवामानं अंगावर घेत बाईनं उभी नोकरी काढली.

दुरुस्ती हे नाव पडलं ते वार्षिक अहवालामुळे. वर्ष बंद झालं की कंपनीचा जाडजूड अहवाल तयार करायचा, तो तिच्याकडे. आता वाचणाऱ्याला वाटेल, आकडे तयार आहेत, टाकायचे आणि छापायचे, त्यात काय एवढं! तर त्यात असं, की नफा म्हणून एक आकडा असतो, पण तो एका जागी गप बसत नाही. पहिल्या पानावर अध्यक्षांच्या मनोगतात तो असतो, मग कोष्टकात, मग कोष्टकाखालच्या टिपेत, मग आलेखात, मग 'गेल्या वर्षीच्या तुलनेत' म्हणून परत एकदा. लग्नघरात एकच आत्या जशी प्रत्येक खोलीत भेटते तसा. आणि ऑडिटरनं शेवटच्या क्षणी आकडा बदलला की त्या आत्याला प्रत्येक खोलीतून शोधून काढून नवी साडी नेसवायची. एका खोलीत ती राहिली जुन्याच साडीत, की संपलं. एका वर्षी एका बारक्या टिपेत जुना आकडा राहिला होता. तो सापडला अध्यक्षांच्या जावयाला. पुढे वर्षभर साहेब तिच्याशी बोलताना आधी चष्मा पुसायचे.

हे टाळायला म्हणून ऑफिसात आकडेवाचन असायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या कागदावर टिक करून 'आहे' म्हणायचं. वाचायचे पट्टीकाका. खात्यातले सगळ्यात जुने कारकून, ओळीखाली लाकडी पट्टी धरल्याशिवाय त्यांना साधं आमंत्रणसुद्धा वाचता यायचं नाही. वर्षभर काकांना कुणी विचारायचं नाही, पण वाचनाच्या दिवसांत खणखणीत आवाज लागायचा. घसा बसू नये म्हणून ते गरम पाण्याचा थर्मास आणायचे. ताई समोर बसून आहे, आहे, आहे करायची आणि मनात म्हणायची, आहे, पण हा आकडा उद्या नसणार आहे, तेव्हा तुम्ही आहात का शोधायला?

घरी नवरा होता सुतार. आयुष्यभर उभ्यानं रंधा मारून त्याचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरनं सांगितलं, बदलून टाका. तारीख घेतली, तर ती नेमकी अहवालाच्या हंगामात आली. पुढे ढकलली. दुसरी घेतली, तेव्हा ऑडिटर आजारी पडून हंगामच लांबला. तीही गेली.

"माझा गुडघा आणि तुमचा ऑडिटर एकाच नक्षत्रावर जन्मलेत," तो म्हणाला. "मी असं करतो, भावाला घेऊन जातो. तू ये अहवाल घेऊन नंतर. ताप आला तर त्यानं पंख्यासारखा वारा घालता येईल."

"भाऊजी रक्त बघून खाली बसतात. सही कोण करणार, ते का वॉर्डबॉय?"

"मग तू ये."

"येणार आहे म्हटलं ना!"

"दोनदा म्हटलंस, अगं."

यावर भांडी जरा जोरात वाजली, एवढंच.

एका रविवारी तो अंगणात बसून कपाटाच्या फळ्या कापत होता. ती चहा घेऊन गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, याच्या हातात मोजायचा टेप नाहीच. एक बारीक लाकडी कामटी, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. प्रत्येक फळीवर ती कामटी ठेवायची, खूण उतरवायची, कापायचं.

"मोजत का नाही?"

"एकदा मोजलंय की. खूणपट्टीवर. दर फळीला परत मोजत बसलो तर दर फळीला परत चुकणार. आणि गिऱ्हाईकानं माप बदललं तर पट्टीवरची एक खूण बदलायची. फळ्यांच्या कानात कशाला जाऊन सांगायचं?"

ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

योगायोग म्हणा, त्याच सुमाराला कंपनीनं अहवाल बनवायचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. विकणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा साहेब फोनवर होते, काका डुलक्या घेत होते आणि बाकीचे बिस्किटांवर होते. त्यानं जाता जाता एक गोष्ट दाखवली. प्रत्येक आकडा मूळ तक्त्यात एकदाच ठेवायचा आणि त्याला नाव द्यायचं: निव्वळ नफा, एकूण विक्री, काय असेल ते. मग अहवालात आकडा टाईप करायचाच नाही. तिथे त्या नावाची लिंक बसवायची. मूळ तक्त्यात आकडा बदलला की जिथे जिथे लिंक तिथे तिथे आपोआप बदल. लिंक असलेला आकडा पडद्यावर निळ्या चौकटीत दिसतो, म्हणजे हा बांधलेला आहे, याला हातानं शिवू नका.

ताई एकटी ताठ बसली. खूणपट्टी! ही तर आमच्या अंगणातली खूणपट्टी!

सगळी थंडी तिनं त्यात घातली. रोजचं काम उरकून, उरलेल्या वेळात एकेक आकडा बांधत गेली. मनोगतापासून शेवटच्या टिपेपर्यंत निळ्या चौकटीच चौकटी. पुढे तिच्या लक्षात आलं, आकडा बदलला पण शेजारचा शब्द तसाच राहिला तर? नफा खाली आला आणि वाक्यात 'वाढ' तशीच, मग? तिनं तो शब्दही बांधला. आकडा चढता असेल तर 'वाढ', उतरता असेल तर 'घट'. त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्यात एकटीच हसली आणि फळवाल्यानं विचारलं, "काय ताई, बढती का?"

गुडघ्याची तिसरी तारीख तिनं स्वतः जाऊन घेतली. तीही अहवालाच्या ऐन हंगामातली. नवऱ्यानं कॅलेंडरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तारखेवर पेन्सिलीनं हलकीच खूण केली, पुसता येईल अशी.

रजेचा अर्ज घेऊन ती साहेबांकडे गेली.

"ऐन वेळी?" साहेब म्हणाले.

"साहेब, आता माझी गरजच नाही. आकडा बदलला तर मूळ तक्त्यात एका जागी टाकायचा. काकांना दाखवून ठेवलंय."

"आपोआप बदलतो म्हणता?"

"हो."

"मग आपण तपासायचं काय?"

"तेच तर! तपासायला लागतच नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं कसं, ताई? खात्रीसाठी वाचन हे पाहिजेच."

म्हणजे आधी बांधायचं आणि मग बांधलेलं मोजायचं. काम निम्मं व्हायचं ते दुप्पट झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठीक आहे," ती म्हणाली, "करू वाचन. पण कागदावर नाही. दरवेळी गठ्ठे छापायचे आणि आकडा बदलला की रद्दीत घालायचे. पडद्यावरच वाचायचं." ही अट तिनं हट्टानं घातली, रागाच्या भरात घातली, आणि त्या वेळी तिला ती आपली जीत वाटली.

तर त्या वर्षी पट्टीकाका कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाकडी पट्टी टेकवून वाचायला बसले. पडदा मागे कलायचा. काका पट्टी दाबायचे, पडदा आणखी कलायचा.

"काका, त्याला ढकलू नका हो."

"तोच मागे सरकतोय. लाजाळू आहे तुमचं यंत्र." मग पट्टी काढून घेत म्हणाले, "ताई, हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी वाचन राहील का?"

"कशाला राहायला पाहिजे?"

काकांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं. ती पुढचा आकडा बघत होती.

रजेच्या आदल्या दिवशी दुपारी ऑडिटरचा फोन आला. गोदामात पडून असलेल्या जुन्या पंपांची किंमत भलतीच जास्त धरली आहे, ती कमी करा. केली. आणि नफा, जो गेल्या वर्षापेक्षा तीन टक्के वर होता, तो दोन टक्के खाली आला.

जुनं वर्ष असतं तर इथे खात्याला नाकी नऊ आले असते. ताईनं सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती बोलावलं, मूळ तक्त्यात एक आकडा बदलला आणि बटण दाबलं. पडद्यावर अहवाल हलला. कोष्टक बदललं, टीप बदलली, आलेखातली उभी पट्टी बुटकी झाली, आणि जिथे जिथे 'वाढ' होती तिथे 'घट' आली.

"अरे, अरे, हललं!" काका म्हणाले. पट्टी त्यांच्या हातात तशीच.

"बघितलंत?" ताई म्हणाली. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा खात्यातल्या कुणी असा पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी मनोगताचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं: "आपणांस कळवताना अत्यंत आनंद होतो की, कंपनीच्या नफ्यात दोन टक्के घट झाली आहे."

खातं खो खो हसलं. साहेब सोडून.

"हे अध्यक्षांच्या सहीनं जाणार आहे!" साहेब म्हणाले.

"साहेब, आकडा बांधता येतो, आनंद नाही बांधता येत. एवढं एक वाक्य तुम्ही नव्यानं लिहा. फक्त आकड्याला हात लावू नका. चौकट तशीच ठेवा आणि तिच्या आजूबाजूचं लिहा. कुणीही चौकटीला हात लावायचा नाही. काका, ऐकलंत? कुणीही!"

हे ती जरा चढ्या आवाजात बोलली. का हात लावायचा नाही, ते मात्र तिनं सांगितलं नाही. सहाला बस होती, घरी नवऱ्याची पिशवी भरायची होती.

सकाळी दवाखान्यात सुताराला हिरवा झगा घातला. मागून उघडा, पुढून नाड्यांचा. पिशवीतून त्यानं खूणपट्टी काढून उशाखाली ठेवली.

"ही कशाला आणलीत?"

"नंतर तो धरून चालायचा घोडा देणार ना ॲल्युमिनियमचा? तो हलका असतो, डगडगतो. मी घरी लाकडी करणार. उंची घेऊन ठेवू इथल्या दांडीची."

"आधी पाय तर होऊ द्या."

"पाय डॉक्टर करेल. घोडा मीच करणार." मग तिच्या पर्सकडे बघून, "फोन वाजला नाही अजून?"

"नाही वाजणार."

त्यानं भुवया उंचावल्या. पण त्याला ढकलगाडीवरून आत नेताना त्यानं तिचा हात धरला तो दारापर्यंत सोडला नाही. दारात नर्सनं सोडवला.

"इथंच आहेस ना?"

"इथंच आहे."

दार मिटलं. ती बाकावर बसली. भिंतीवर हाडांचं चित्र होतं. ते बघून होतंय न होतंय तोच फोन वाजला.

"ताई, तुमचं यंत्र बंद पडलंय." साहेबांचा आवाज टिपेला. "ऑडिटरनं परत बदल सांगितला. दोन नाही, चार टक्के घट. काकांनी तुमच्या त्या मूळ तक्त्यात टाकलं. काहीसुद्धा हललं नाही! सगळीकडे दोनच! संध्याकाळी छपाईला द्यायचंय!"

"असं होणारच नाही."

"झालंय! समोर दिसतंय मला!"

"साहेब, त्या आकड्यांभोवती निळी चौकट आहे का?"

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"साहेब?"

"चौकटी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"अहो, अध्यक्षांकडे जाणारा अहवाल! पानापानावर निळ्या पेट्या! शाळेतल्या पोरांची वही वाटते ती. कालच काकांना बसवलं. त्यांनी एकेक आकडा पुसून परत टाईप केला. नीट, पट्टी लावून. एकही चौकट ठेवली नाही."

ताई उभी राहिली. मग बसली. मग परत उभी राहिली. सगळी थंडी तिनं बांधत आणलेलं काकांनी एका बैठकीत सोडवून ठेवलं होतं, तेही पट्टी लावून, एकही न चुकता.

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज एवढा चढला की समोरून जाणारी नर्स थबकली, "साहेब, त्या चौकटी छापल्या जात नाहीत! त्या फक्त पडद्यावर दिसतात! कागदावर नुसता आकडा येतो!"

"मग हे सांगायचं नाही का?"

सांगायचं? हे कुणाला सांगावं लागेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक कागद, एकच कागद छापून दाखवला असता तर कळलं असतं. आणि कागद छापायचा नाही ही अट कोणाची? तिची. तिनं कपाळावर हात मारून घेतला, तो जरा जास्तच लागला.

"तुम्ही या," साहेब म्हणाले. "गाडी पाठवतो. चाळीस जागी आकडा शोधायचा म्हणजे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? आत तर डॉक्टर आहेत ना, तुम्ही बाहेर बसून काय करणार?"

बाहेर बसून काय करणार. खरं होतं. दाराच्या पलीकडे करवत चालली असेल, हातोडी चालली असेल, आणि ज्याचा जन्म करवत चालवण्यात गेला तो बेशुद्ध पडून दुसऱ्याकडून कापून घेत असेल. ती बाकावर बसून त्यात काडीची भर घालू शकत नव्हती.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"ताई, ही रजा मी मंजूर केलीय, विसरू नका."

"नामंजूर करा. येणार नाही. काकांना फोन द्या."

बराच वेळ खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग काकांचा घसा खाकरणं.

"ताई, मी आपलं साहेब म्हणाले म्हणून..."

"काका, नीट ऐका. वर उजव्या कोपऱ्यात घड्याळाचं चित्र आहे. त्याच्यावर दाबा. आधीच्या प्रतींची यादी येईल. कालची, तुम्ही बसायच्या आधीची प्रत निवडा."

"निवडली. इथे विचारतंय, ही आणू का म्हणून. आणली तर त्याच्यानंतरचे बदल जातील म्हणतंय."

"जाऊ द्या."

काका हळूच म्हणाले, "म्हणजे माझं कालचं सगळं."

"हो काका."

"डोळे फुटायची वेळ आली होती ताई. एक आकडा चुकवला नाही."

तिच्या ओठावर आलं होतं, माझी अख्खी थंडी तुम्ही पुसलीत तेव्हा माझे डोळे कुणी बघितले? पण हा माणूस तिच्या समोर बसून वर्षानुवर्षं खणखणीत वाचत आला होता, आणि तिनं त्याला विचारलं होतं, कशाला राहायला पाहिजे.

"माहितेय काका," ती म्हणाली. "तुम्ही चुकवणार नाही हे माहीत आहे. दाबा."

खट्.

"आल्या. चौकटी आल्या."

"आता मूळ तक्त्यात निव्वळ नफ्यापुढे नवा आकडा टाका. टाकला? बटण दाबा. आणि मला वाचून दाखवा."

"काय वाचू?"

"सगळं. आधी कोष्टकं, मनोगत शेवटी. मोठ्यानं."

आणि काकांनी वाचायला घेतलं. थर्मास उघडल्याचा आवाज आला, पट्टी काचेवर टेकल्याचा आवाज आला, आणि मग तो खणखणीत सूर. कोष्टक, चार टक्के घट. टीप, चार टक्के घट. दवाखान्याच्या बाकावर बसून ती म्हणत राहिली: आहे. आहे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं, बाई जप करते आहे. त्यानं अदबीनं पाय आखडून घेतले.

मनोगताशी येऊन काका अडखळले. "इथे परत आनंद आलाय ताई. साहेबांनी लिहिलेलं गेलं."

"साहेबांना म्हणावं, परत लिहा. चौकट सोडून."

मागून साहेबांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. ते तिनं ऐकलं नाही असं केलं, कारण दार उघडलं होतं.

सुतार बाहेर आला तो अर्धवट जागा. ओठ कोरडे, पाय पांढऱ्या गुंडाळीत भल्यामोठ्या खांबासारखा. वॉर्डात आणून टाकल्यावर कितीतरी वेळानं त्यानं डोळे किलकिले केले, इकडे तिकडे पाहिलं आणि ती दिसल्यावर जरा दचकलाच.

"गेली नाहीस?"

"नाही."

"अहवाल?"

"काकांनी वाचला."

"आणि तू?"

"आहे म्हटलं."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं मान उशीवर टाकली, आणि हात उशाखाली घालून चाचपायला लागला. तिनं खूणपट्टी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती तिलाच परत दिली आणि हनुवटीनं पलंगाशेजारच्या घोड्याकडे खूण केली. नर्सनं नुकताच आणून ठेवलेला, चकचकीत, डगडगता.

"घे बाई उंची. नाहीतर घेऊन जातील."

पेन्सील तिच्या पर्समध्ये होती, ऑफिसचीच. ती वाकून पट्टी दांडीशी उभी धरत होती तोच लोखंडी कपाटावर फोन थरथरत सरकायला लागला. साहेब. तिनं तो खांद्यात धरला.

"ताई, सगळं झालं. पण त्या निळ्या चौकटी परत दिसायला लागल्यात हो!"

"दिसू द्यात," ती म्हणाली. "एक पान छापून बघा."

आणि फोन ठेवून तिनं पट्टीवर दांडीच्या उंचीला एक रेघ ओढली. जरा जास्तच दाबून ओढली.